एक मोजलेला, दोन लिहिलेले

बाई अजून आहेत. भोरला एसटी स्टँडपासून दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत, आणि जिभेचं तर विचारूच नका. गेलेल्या माणसाबद्दल लिहिणाऱ्याला जी सवलत असते ती मला नाही. बाई हे वाचणार, आणि जिथं मी स्वतःला वाचवायला गेलो असेन तिथं रेघ मारून कागद परत पाठवणार. पाठवू देत. चौदा वर्षं मी कुणाला रेघ मारायला जागाच ठेवली नव्हती.

नसरापूरजवळ, हायवेपासून थोडं आत, एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. तिथं बाई लहान मुलांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं करायच्या. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. काही मुलं तो जन्मतःच घेऊन येतात, हे भोर-वेल्ह्यातल्या कितीतरी घरांना पोर उंबऱ्याला अडखळायला लागल्यावरच कळायचं. बाई ते खराब भिंग काढून त्या जागी नवं बसवायच्या. मी त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ. माझं काम एकच, ऑपरेशनच्या आधी डोळा मोजणं. डोळ्याची लांबी किती, बुबुळाचा उंचवटा किती. त्या दोन आकड्यांवरून आत बसवायच्या भिंगाचा नंबर निघतो. मापात चूक झाली तर भिंग चुकीचं बसतं, आणि एकदा बसलं की ते चष्म्यासारखं गुरुवारी या, बदलून देतो, असं नसतं.

मी भोंगवलीचा. आमच्याकडं मोजणी म्हटलं की जमिनीची. टेबल-साखळी घेऊन सरकारी माणूस येतो, आणि दोन भाऊ बांधावर एकमेकांकडं बघत उभे राहतात. बाईंना हे कुठून कळलं कोण जाणे, पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव मोजणीदार ठेवलं. सकाळी दारातच सलामी मिळायची, "काय मोजणीदार, आज कुणाचा बांध सरकवणार?"

तेव्हा हसायला यायचं.

बाई दिसायला काडीसारख्या. पायात पुरुषी चपला, केस कानाशी कापलेले, जेवण उभ्याउभ्या. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्या तान्ह्या मुलांना अहो-जाहो करायच्या आणि मोठ्यांना अरे-तुरे. सात महिन्यांच्या पोराला टेबलावर घेतलं की म्हणायच्या, "या. बसा. आपलं काय म्हणणं आहे?" पोर किंचाळायचं. "बरोबर आहे तुमचं. मीही हेच म्हणाले असते." एकदा पुण्याहून ट्रस्टचे एक मोठे गृहस्थ पाहणीला आले आणि तपासणीच्या उजेडात उभे राहिले. बाईंनी वर न बघता सांगितलं, "तू जरा बाजूला हो रे, ह्यांच्यावर सावली पडतीय." ते गृहस्थ लाल झाले. नंतर चहाच्या वेळी त्यांनी विचारलंच, "मॅडम, पोरांना अहो आणि आम्हाला अरे, हा काय प्रकार?"

"ज्याला न विचारता त्याच्या डोळ्यात सुरी घालायची, त्याला निदान अहो तरी म्हणावं. तू दे मला तुझा डोळा, तुलाही म्हणते."

पुढच्या वर्षी आमच्या विभागाला नवं यंत्र मिळणार होतं, ते मिळालं नाही. बाईंच्या जिभेची किंमत बाकीचे भरायचे, हे मला तेव्हाही खटकायचं. अजून खटकतं.

'साधारण' या शब्दाला त्यांच्या खोलीत बंदी होती. 'अंदाजे' आणि 'जवळपास' यांनाही. एक नवा डॉक्टर आला होता, हुशार, चांगल्या घरचा. बाईंनी विचारलं डोळा किती, तर तो म्हणाला, "साधारण एकोणीस." बाईंनी ड्रॉवरमधून सहा इंची पट्टी काढली आणि त्याला बाहेरचा लांब व्हरांडा मोजायला लावला. गुडघ्यांवर. बाकांवर पेशंट बसलेले. सारोळ्याचा एक म्हातारा, डोळ्याला हिरवा कपडा बांधलेला, त्याला विचारतो, "काय हरवलं का, डाक्टर?"

दारातून बाई म्हणाल्या, "अक्कल. सापडली की सांगा, बाबा."

माणसं हसली. तो मुलगा महिन्याभरात सोडून गेला. पुढं तो कुठं तरी मोठा सर्जन झाला असं ऐकलं, आणि मला वाटतं तो मापाला चुकत नसणार. पण त्या दिवशी मीही पट्टी हातात असल्यासारखा ताठ उभा होतो. तिथं काम करणारे आम्ही सगळेच त्या व्हरांड्याला घाबरायचो. त्या भीतीपोटीच मी पुढं जे केलं ते केलं, असं म्हणायची सोय आहे. ती सोय मी चौदा वर्षं वापरली, आता वापरत नाही. भीती त्या डॉक्टरलाही वाटली होती, पण त्यानं आकडा बनवला नव्हता.

बाई आयांशी मात्र वेगळ्या बोलायच्या. रागावूनच, पण त्यांच्या भाषेत. एकदा एका तान्ह्या पोरीच्या आईला समजावत होत्या.

"दिवाळीला लेकीला फ्रॉक घेतेस, तो आजच्या मापाचा घेतेस का?"

"न्हाई बाई. वाढत्या अंगाचा."

"का?"

"लगी तंग हुतो न्हवं."

"डोळ्याचंही तेच. तान्ह्याचा डोळा दोन-तीन वर्षांत भराभर वाढतो. मी आज बरोब्बर नंबराचं भिंग घातलं तर वाढल्यावर ते तंग होणार, लांबचं दिसायचं बंद होणार. म्हणून मी जाणूनबुजून थोडं कमी नंबराचं घालते. सैल. तोवर वरून चष्मा. डोळा वाढला की चष्म्याचा नंबर उतरत जातो."

"आन् लईच सैल झालं तर? न्हाईतर पयल्याच दिवशी तंग निघालं तर?"

"मग तू मला शिव्या दे."

"तुमास्नी?"

"मग कुणाला? ह्याला नको देऊ," माझ्याकडं बोट करून, "हा माझ्या शब्दाबाहेर नाही."

हे सगळं गणित माझ्या हातात होतं. सैल किती ठेवायचं हे त्या ठरवायच्या, पण कशापेक्षा सैल, ते मी सांगायचो. मोठ्या माणसाच्या डोळ्यात लांबीची थोडी चूक पचते. तान्ह्याचा डोळा आधीच आखूड, तिथं तेवढ्याच चुकीनं भिंगाचा नंबर कितीतरी जास्त हलतो. म्हणून बाईंचे नियम होते. मूल भुलीनं झोपलं की त्याच्या बुबुळावर प्लॅस्टिकचा लहानसा पेला ठेवायचा, त्यात पाणी भरायचं, आणि यंत्राची मोजायची कांडी त्या पाण्यात धरायची, डोळ्याला लागू द्यायची नाही. कांडी थेट टेकवली तर मऊ बुबुळ दबतं, डोळा आहे त्यापेक्षा आखूड मोजला जातो, आणि हिशोबात भिंग जास्त नंबराचं निघतं. पेला लावून तीनदा मोजायचं. तिन्ही आकडे शाईनं लिहायचे. खाडाखोड नाही.

आणि एक नियम खास त्यांचा. "तिन्ही आकडे सारखे आले तर मी कागद फाडणार. डोळा आहे, सळई नाही. पाणी हलतं, हात हलतो. खरं मोजलेलं थोडं इकडंतिकडं होतंच."

त्या हे आम्हाला खऱ्यासाठी शिकवत होत्या. मी मात्र त्यातून खोटं कसं दिसायला हवं ते शिकलो.

ईश्वरी दहा महिन्यांची होती. वेल्ह्याच्या पुढं, केळदच्या रस्त्याला लागून तिचं गाव. डावा डोळा पांढरा, उजवा छान. घरात आधी आजीनं नजर काढली, मग अंगारे झाले, मग कुणी तरी आमच्याकडं पाठवलं. तिची आई विशीतली. पोरीला छातीशी धरून बसलेली, आणि कुणी काही विचारलं की आधी सासूकडं बघायची.

त्या दिवशी चार ऑपरेशनं होती. भूल देणारे डॉक्टर पुण्याहून यायचे, त्यांना परत पोहोचायची घाई. ईश्वरी झोपली. मी पेला ठेवला, पाणी भरलं, ते बाजूनं गळायला लागलं. परत भरलं. आत बुडबुडा. यंत्राच्या पडद्यावर रेघ नीट उमटेना. पाण्यात बुडबुडा असला की यंत्राला काही कळत नाही.

"अरे किती वेळ? पोरगी उठेल," भुलीचे डॉक्टर.

मी पेला काढला, कांडी बुबुळावर टेकवली. रेघ स्वच्छ आली. अठरा पॉइंट सहा मिलिमीटर. मी लिहिला. मग त्याखाली लिहिलं अठरा पॉइंट सात. मग अठरा पॉइंट पाच.

एक मोजलेला, दोन लिहिलेले. अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं होतं.

बाई बाहेर हात धूत होत्या. "किती रे?"

मी तिन्ही वाचले.

"पेला?"

"हो मॅडम."

"छान जुळलेत. शाब्बास, मोजणीदार."

त्यांच्या तोंडून शाब्बास मी तोवर दोनदा ऐकली असेल. ही तिसरी. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं.

दीड महिन्यानं ईश्वरी तपासायला आली. टाके बरे, डोळा शांत, बुबुळ काळंभोर. आजीनं पेढे आणले होते. बाईंनी तिच्या डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून नंबर बघितला. सैल भिंग ठेवलं की नंबर अधिक यायला हवा. तो उणे आला. त्यांनी परत बघितला. परत. मग त्या खुर्ची सोडून खाली फरशीवरच बसल्या, ईश्वरीच्या उंचीला येऊन, आणि चौथ्यांदा बघितला. फ्रॉक पहिल्याच दिवशी तंग निघाला होता, आणि अंग तर अजून वाढायचंच होतं.

त्या आईसमोर उठून उभ्या राहिल्या. "भिंग चुकलंय. माझी चूक आहे."

आईला काही कळलं नाही. तिनं सवयीनं सासूकडं बघितलं. सासू म्हणाली, "असू द्या बाई, चकाकतोय की डोळा."

पेढ्याचा खोका टेबलावर तसाच पडला. बाई मला आत घेऊन गेल्या आणि वही काढली. माझ्या तीन आकड्यांवर बोट ठेवून त्या बराच वेळ उभ्या होत्या. भिंग काढून दुसरं घालावं का, हा विचार त्यांनी माझ्यासमोरच मोठ्यानं केला आणि सोडला. एवढासा डोळा परत उघडायचा, सूज आली तर आहे तेही जायचं. मग म्हणाल्या, "माप बरोबर दिसतंय. तीन वेगळे आकडे, जवळजवळचे. म्हणजे नंबर काढायचं सूत्र चुकलं. ही सूत्रं सगळी मोठ्या माणसांच्या डोळ्यांवरून बांधलीत. तान्ह्याला ती लागू होतातच कशी, हाच माझा पहिल्यापासूनचा वाद आहे."

मी वहीतल्या माझ्याच अक्षराकडं बघत होतो.

"बोल की. तुला काय वाटतं?"

त्यांनी विचारलं होतं. मला, तंत्रज्ञाला. दार उघडं होतं, बाहेर कुणी नव्हतं.

मी म्हणालो, "सूत्रच असेल, मॅडम."

आकडे बनवले ते घाईत. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत, सावकाश बोललो. मला स्वतःचा जो राग येतो तो या वाक्याचा आहे.

त्या दिवसापासून बाईंनी प्रत्येक तान्ह्या मुलाच्या भिंगातून आणखी दोन नंबर कमी करायला सुरुवात केली. नेहमीचं सैल, आणि वर हे दोन. सूत्राची चूक भरून काढायला. वहीत त्या समासात लिहायच्या, वजा दोन. आणि मी? मी त्यानंतर कधीही पेल्याशिवाय मोजलं नाही. पाणी गळालं तर दहा वेळा भरलं. भुलीचे डॉक्टर ओरडले तर ओरडू दिले. एकेक आकडा इतका खरा, की देवळात ठेवावा. आणि त्या खऱ्या आकड्यातून बाई प्रत्येक वेळी दोन वजा करायच्या, माझ्या एका खोट्या दुपारीमुळं. मी जितकं नीट मोजत गेलो, तितकं त्यांचं चुकत गेलं. ज्या मुलांचा जाड चष्मा शाळेत जाईपर्यंत बराच उतरायला हवा होता, त्यांचा उतरला नाही. वाडीवस्तीवरची मुलं, चष्मा एकदा गोठ्यात फुटला की सहा महिने फुटकाच.

एकदा मी धीर करून विचारलं, "मॅडम, हे दोन कशाला?"

"ईश्वरीनं शिकवलं," त्या म्हणाल्या. "एका लेकराचं नुकसान झालं ते फुकट जाऊ द्यायचं नाही, मोजणीदार."

मी पुढच्या पोराचा पेला धुवायला गेलो.

ईश्वरीचा डोळा वाचवायला बाईंनी जंग जंग पछाडलं. एक डोळा चांगला आणि एक अधू असला की मेंदू अधू डोळ्याकडं दुर्लक्ष करायला लागतो, मग तो डोळा असून नसल्यासारखा. त्यावर उपाय म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे अधू डोळ्याला काम करावंच लागतं. बाई महिन्यातल्या एका रविवारी स्वतः एसटीनं वेल्ह्याला आणि तिथून माणसं भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं तिच्या गावी जायच्या. पट्टी लावली का बघायला. दोनतीनदा मीही बरोबर गेलो. पट्टी कधीच लावलेली नसायची. लावली की पोरगी आकांत करायची, ओरबाडून काढायची. आणि का नाही करणार? चांगला डोळा झाकला की तिला दिसायचा तो नुसता धुरळा. इतका मोठा उणे नंबर, त्याचा चष्मा त्या नाकावर टिकायचा नाही. आई भाताच्या लावणीला चिखलात, पोर बांधावर. कोण लावणार पट्टी?

एका रविवारी बाईंचा तोल सुटला. पडवीत, सासूदेखत, त्या ईश्वरीच्या आईला म्हणाल्या, "तुझ्या आळसानं पोरीचा डोळा जाणार आहे. लिहून ठेव."

साधारण म्हणणाऱ्याला गुडघ्यांवर चालवणाऱ्या बाईंनी हे वाक्य कुठल्याही मापाशिवाय फेकलं. ते त्या घरात पडलं आणि रुजलं. मी तिथंच होतो, तांब्यातलं पाणी पीत.

पुढं बाई निवृत्त झाल्या, विभाग बंद पडला. मी नसरापुरात चष्म्याचं दुकान टाकलं. लोक म्हणतात, ह्याच्याकडं नंबर बरोब्बर निघतो. निघतो.

यंदा दिवाळीनंतर एक बाई मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी नववीतली, उंच, तरतरीत, डावा डोळा किंचित बाहेर वळलेला. मी ओळखलं. त्यांनी मला ओळखलं नाही, माझे केस गेलेत. उजव्या डोळ्यानं, बारीकसा नंबर लावल्यावर, मुलीनं सगळा तक्ता धडाधड वाचला. डावा उघडला तर तिला माझी बोटं मोजता येईनात.

"हा नुसता शोभेचा आहे, काका," ती हसत म्हणाली. "पोलीस भरतीत चालणार नाही म्हणतात."

आई म्हणाली, "माज्यामुळं झालं. म्या ल्हानपनी पट्टी न्हाई लावली." पत्ता सांगावा तसं. कुणी विचारलेलं नसताना. किती जणांना सांगून इतकं गुळगुळीत झालं असेल ते वाक्य.

मी म्हणालो, "चष्मा गुरुवारी मिळेल."

आणि त्यांना जाऊ दिलं.

गुरुवारपर्यंत थांबणं झालं नाही. रविवारी सकाळी भोरची गाडी धरली. बाई गॅलरीत शेंगा सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी मध्ये फक्त प्रश्न विचारले.

"पेला?"

"नव्हता."

"दाबलास?"

"हो."

"किती?"

"सांगता येत नाही."

"आणि उरलेले दोन?"

"मी लिहिले."

शेंगा सोलायचं थांबलं. मला वाटलं आता ताट अंगावर येणार. त्या एकदम हळू बोलल्या, ते जास्त वाईट होतं.

"हात चुकतो. माझाही चुकलाय. पण मी वही हातात घेऊन तुझ्यासमोर उभी होते. तुला विचारलं. आणि तू म्हणालास, सूत्र. किती जणांचे दोन वजा केले मी त्यानंतर?"

"मोजले नाहीत, मॅडम."

"मी मोजलेत. प्रत्येकाचं नाव सांगू?"

मी म्हणालो, "मला तुमची भीती वाटायची."

"वाटत असेल. मला नव्हती वाटत? दर वेळी सुरी उचलताना वाटायची. म्हणून मी कुणाला खोटा आकडा दिला का रे, मुडद्या?" आता आवाज चढला. खालून कुणी तरी वर बघितलं. "माझ्याकडं कशाला आलास? मोकळा व्हायला? मला का कमी दिसतंय? चल, ऊठ."

"कुठं?"

"तिच्या आईकडं. आणि त्या बाईला मी जे बोलले त्याची माफी मला मागायचीय. ती तू मध्येच मागू नकोस, तेवढी अक्कल ठेव."

सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेली बाई. भोरहून चेलाडी फाटा, तिथून वेल्ह्याची एसटी, पुढं जीप. वाटेत त्या माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मार्गासनीला एकानं जागा देऊन विचारलं, मुलगा का तुमचा? "नाही," बाई म्हणाल्या, "देवानं तेवढं वाचवलं."

दुपार कलली होती. ईश्वरीची आई पडवीत तांदूळ पाखडत होती. आजी खांबाला टेकून उन्हात. ईश्वरी वही घेऊन पायरीवर.

"अगं बया, बाई! तुमी? एवढ्या लांब?" ती पाणी आणायला उठली.

"पाणी राहू दे," बाई म्हणाल्या. "हा काय सांगतो ते आधी ऐक."

मी कोण ते सांगितलं, मग बाकीचं. पेला, पाणी, बुडबुडा काही नाही. एवढंच की डोळा मी नीट मोजला नाही, खोटे आकडे लिहिले, त्यामुळं भिंग चुकीचं बसलं. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही.

तिच्या हातात सूप तसंच होतं. "म्हंजी... पट्टीमुळं न्हाई?"

"पट्टीनं थोडंफार राहिलं असतं," बाई म्हणाल्या. "ते खोटं सांगत नाही. पण तसल्या डोळ्यावर पट्टी टिकवणं तुझ्या एकटीच्या हातातलं नव्हतं. मी तुला आळशी म्हणाले. ते चूक होतं. मला माफ कर."

ईश्वरी पायरीवरून म्हणाली, "मग आता भिंग बदललं तर?"

"नाही," बाईंनी तिच्याकडं वळून सांगितलं. "भिंग बदलता येईल. पण त्या डोळ्यानं बघायचं मेंदू लहानपणीच शिकतो. ते वय गेलं."

ईश्वरीनं मान हलवली आणि वहीकडं बघायला लागली. पान उलटलं नाही.

तिच्या आईनं सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. आणि माझ्याकडं न बघता सासूकडं वळली. "आत्याबाई, ऐकलं का?"

"काय म्हनतोय त्यो?" आजीला ऐकू कमी येत असावं.

"सांगा," आई मला म्हणाली. "मोठ्यांदा सांगा."

मी मोठ्यांदा सांगितलं. शेजारच्या घरातून एक बाई दारात आली. आजीनं ऐकलं, तोंड हलवत राहिली, मग हात झटकला. "झालं ते झालं. आता कशाला उकरायचं? चा टाक त्यास्नी."

"चा न्हाई टाकत." तिचा आवाज मी पहिल्यांदा एवढा ऐकला. "चौदा वरसं तुमी उकरलं. लगीनघरात उकरलं, बारशात उकरलं, माज्या माह्यारच्यांम्होरं उकरलं. तवा न्हाई म्हनला झालं ते झालं?"

खालच्या रस्त्यावर जीप हॉर्न देत होती. वेल्ह्याला जाणारी ती शेवटची. ती चुकली तर खालची एसटी चुकणार. मी बाईंना हात द्यायला पुढं झालो.

"बाई, तुमाला जायाचं तर जावा," ईश्वरीची आई म्हणाली. "ह्यांनी हितंच बसायचं. हिचं पप्पा डेरीवर गेल्यात. त्यांनाबी ह्यांच्याच तोंडानं ऐकायचंय."

"किती वाजता येतील?" मी विचारलं.

"येतील तवा येतील."

बाई पायरीवर ईश्वरीशेजारी बसल्या. जीप निघून गेल्याचा आवाज आला. मी पडवीच्या कडेला बसलो, तिथं ना पोतं होतं ना पाट, आणि रस्त्याकडं बघत राहिलो.